सिनेमाची बांगडी होऊ नये म्हणून

बालमित्रांनो, एक कोडं घालतो. अशी कोणती वस्तू आहे, की जिच्यावर आधी राजा-राणी नाचतात, मग तिच्यातून चांदी निघते आणि शेवटी तिची बांगडी होते?

नाही ना सुचत? उत्तर आहे, सिनेमाची फिल्म!

आता तुम्ही म्हणाल, सर काहीही सांगतात. पण हे अगदी खरं आहे. जुन्या काळी सिनेमा मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये नसायचा. तो असायचा लांबच लांब पट्टीवर. त्या पट्टीवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असे आणि त्यावर चित्रं उमटत. सिनेमा चालायचा बंद झाला, की त्या रिळांना कोण विचारणार? मग भंगारवाला येई. फिल्म धुऊन चांदी काढून घेत आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या, पर्सा असलं काहीबाही बनवत. म्हणजे लोकांनी हसत-रडत पाहिलेला सिनेमा कुणाच्या तरी हातात बांगडी होऊन किणकिणत असे, आणि ते तिला ठाऊकही नसे!

'आलम आरा' हे नाव तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. भारताचा पहिला बोलपट. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात तो लागला. परीक्षेत त्यावर एक गुण हमखास मिळतो. पण आज तो सिनेमा बघायचा म्हटलं, तर जगात कुठेही बघायला मिळत नाही. त्याची एकही प्रत सापडलेली नाही. काही फोटो आणि जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत. त्याच्याही आधी आपल्या देशात १३०० हून अधिक मूकपट तयार झाले होते. त्यांतले आज तीसएक उरलेत, आणि त्यांतलेही कित्येक अर्धेमुर्धे.

मग जे उरले ते कसे उरले? कुणी सांभाळले? आज अशा दोन माणसांची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. दोघांनाही सिनेमा काढायचा होता, आणि दोघांनीही पुढे सिनेमा वाचवण्याचं काम हाती घेतलं.

तिकिटं जमवणारा मुलगा

पहिल्याचं नाव परमेश कृष्णन नायर. सगळे त्यांना पी. के. नायर म्हणत. जन्म १९३३ चा, केरळातल्या तिरुवनंतपुरमचा. तुमच्यापैकी कुणी काड्यापेटीची चित्रं जमवतो, कुणी नाणी. या मुलाला छंद होता सिनेमाची तिकिटं जमवायचा. सिनेमा संपला, की लोक अर्धं तिकीट फेकून देत, हा ते जपून ठेवी. वजनाच्या मशीनमधून जे जाड कागदाचं तिकीट पडतं ना, तेही तो साठवी.

१९५३ साली नायर पदवीधर झाले आणि सिनेमा काढायचा म्हणून मुंबईला आले. मेहबूब खान, बिमल रॉय, हृषीकेश मुखर्जी अशा मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. चित्रीकरण जवळून पाहिलं. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला सिनेमा आवडतो खरा, पण दिग्दर्शक होणं हे आपलं काम नव्हे.

मित्रांनो, इथे जरा थांबा. एखाद्याने हात टेकले असते. 'स्वप्न मोडलं' म्हणून गावी परत गेला असता. नायरांनी तसं केलं नाही. सिनेमाच्या जगात दिग्दर्शकाशिवाय आणखी कोणकोणती कामं असतात, ते त्यांनी शोधलं. १९६१ साली ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन साहाय्यक म्हणून लागले. ही संस्था एका वर्षापूर्वीच सुरू झाली होती, आणि कुठे ठाऊक आहे? 'संत तुकाराम' जिथे तयार झाला, त्या प्रभात स्टुडिओच्या जागेत!

१९६४ मध्ये सरकारने पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय काढलं. पुढच्याच वर्षी नायर तिथे गेले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. सुरुवातीला कपाटं रिकामी होती. नायर निघाले गावोगाव. कुणाच्या गोदामात, कुणाच्या माळ्यावर, कुठे बंद पडलेल्या टॉकीजमध्ये डबे पडलेले असत. ते विनंती करून, समजावून, चिकाटीने मागून आणायचे. निवृत्तीपर्यंत सुमारे १२,००० चित्रपट त्यांनी जमवले. त्यांत ८,००० भारतीय होते.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला. तो चार रिळांचा होता. आज आपल्याला त्यातलं पहिलं आणि चौथं रीळ पाहायला मिळतं. (ही रिळं १९१७ मध्ये फाळक्यांनीच पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असंही काही जाणकार म्हणतात.) फाळक्यांचा 'कालिया मर्दन' १९१९ चा. त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. तोही आज पाहता येतो. असे चित्रपट शोधून, जुळवून, सांभाळून ठेवण्यात नायरांचा मोठा वाटा आहे.

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ते 'चांगला सिनेमा' आणि 'वाईट सिनेमा' असा भेद करत नसत. चाललेला असो की आपटलेला, मिळेल तो ठेवायचा. कशाला उद्या किंमत येईल ते आज कोण सांगणार?

आणि सांभाळायचं म्हणजे कुलूप लावून ठेवायचं, असंही नाही. कर्नाटकातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात नायरांच्या मदतीने जगातले उत्तमोत्तम सिनेमे दाखवले गेले. तिथल्या सुपारीच्या बागेत राबणाऱ्या शेतकऱ्यांनी इटलीतला 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला. भाषा समजत नव्हती. पण सायकल चोरीला गेल्यावर गरीब बापाचं काय होतं, ते समजायला भाषा कशाला लागते?

फिल्मचे शत्रू

जपून ठेवलं, की झालं असं वाटतं ना? तसं नाही. साधारण १९५० पर्यंत जी फिल्म वापरत, ती नायट्रेटची असे. ती पेट घेण्यात इतकी तरबेज, की एकदा लागली तर पाण्याखालीसुद्धा जळत राहते. कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो जुने चित्रपट राख झाले.

पुढे आली अ‍ॅसिटेटची फिल्म. ती तशी भडकत नाही, पण तिचा रोग निराळा. उष्णता आणि ओल लागली, की ती कुजायला लागते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास येतो. मग फिल्म आकसते, वाकडी होते. एका डब्यातून दुसऱ्याला लागण होते, अगदी आपल्याकडच्या डोळे येण्याच्या साथीसारखी! रंगीत फिल्मचे तर रंगही उडतात. म्हणून रंगीत फिल्म फ्रीजसारख्या गार आणि कोरड्या खोलीत ठेवावी लागते.

आता आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा विचार करा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर. पावसाळ्यात वर्धा नदीला पूर आणि घरातल्या भिंतींना ओल. आपल्याकडे लोखंडी पेटीत ठेवलेले लग्नाचे फोटो एकमेकांना का चिकटतात आणि जुनी कॅसेट का घरघरते, ते कळलं का?

जाहिरातवाल्याने वाट बदलली

दुसरा माणूस म्हणजे शिवेंद्रसिंह डुंगरपूर. राजस्थानच्या डुंगरपूर राजघराण्यातले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते दिग्दर्शन शिकले. पुढे मुंबईत स्वतःची कंपनी काढून जाहिरातपट बनवू लागले. काम चांगलं चाललं होतं. पण इटलीतल्या बोलोन्या शहरात त्यांनी एक वेगळंच जग पाहिलं. तिथे जुने, मोडके सिनेमे दुरुस्त करतात. फाटलेलं जोडतात, मळलेलं धुतात, पुसट झालेलं उजळतात. जणू सिनेमाचा दवाखानाच!

डुंगरपूर यांनी मग उदय शंकर यांच्या 'कल्पना' (१९४८) या नृत्यपटाच्या दुरुस्तीला हातभार लावला. २०१२ मध्ये त्यांनी आपल्या गोष्टीतल्या पहिल्या माणसावर, म्हणजे नायरांवरच, 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपट काढला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २०१४ मध्ये त्यांनी मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. ४ मार्च २०१६ रोजी नायर वारले, पण तोवर त्यांचं काम पुढे नेणारा माणूस उभा राहिला होता.

या संस्थेने 'मंथन' कसा वाचवला ते ऐका. श्याम बेनेगल यांचा हा १९७६ चा सिनेमा. दूधवाल्या शेतकऱ्यांची गोष्ट. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांत तो तयार झाला. आपल्या स्मिता पाटील त्यात आहेत. पण पुढे मूळ निगेटिव्हला बुरशी लागली, रंग फिके पडले. मग काय केलं? चित्र घेतलं पुण्याच्या संग्रहालयातल्या निगेटिव्हवरून आणि आवाज घेतला संस्थेने जपलेल्या दुसऱ्या एका प्रतीवरून. चेन्नई आणि बोलोन्या इथल्या प्रयोगशाळांत दुरुस्ती झाली. मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात तो सिनेमा पुन्हा नव्यासारखा झळकला. बेनेगल यांनी स्वतः या कामात लक्ष घातलं होतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते गेले. आणखी थोडा उशीर झाला असता तर? 'हा रंग असाच होता का?' हे कुणाला विचारलं असतं?

जरा गणित करू या

आता वही-पेन्सिल घ्या. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून सरकतात. एका मिनिटात ६० सेकंद. म्हणजे मिनिटाला १,४४० चित्रं. 'मंथन' आहे १३४ मिनिटांचा. करा गुणाकार. आलं का उत्तर? १,९२,९६०! एवढं एकेक चित्र स्कॅनरखाली जातं. मग संगणकावर बसून माणसं त्यावरचे ओरखडे, डाग, धूळ काढतात. चांगल्या दर्जाने स्कॅन केलं, तर एक चित्र सुमारे ५० एमबीचं होतं. म्हणजे पूर्ण सिनेमा साधारण ९,६०० जीबी. ६४ जीबीचे दीडशे मोबाइल लागतील भरायला!

हे गणित वर्गात घातलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, एकदा कॉम्प्युटरमध्ये टाकलं, की झालं नं? मग ते जुनं रीळ कायले ठेवायचं?"

प्रश्न लाखाचा आहे. त्याचं उत्तर इंग्लंडातल्या मुलांकडून घेऊ.

इंग्लंडात १०८६ साली राजाने सगळ्या गावांची मोजदाद केली. किती माणसं, किती नांगर, किती जमीन. ते 'डूम्सडे बुक' चामड्याच्या पानांवर शाईने लिहिलेलं आहे आणि ९०० वर्षांनंतर आजही वाचता येतं. १९८६ मध्ये बीबीसीने ठरवलं, आपणही तसंच नवं करू या, पण संगणकावर! हजारो शाळांतली मुलं कामाला लागली. आपल्या गावाची माहिती लिहिली, फोटो काढले. सगळं खास तबकड्यांवर भरलं. आणि झालं काय? पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रंच दिसेनाशी झाली. नऊशे वर्षांचं पुस्तक वाचता येत होतं, पण सोळा वर्षांची तबकडी वाचता येईना! शेवटी तज्ज्ञांनी खटपट करून ती माहिती सोडवली.

मुलांनो, संगणकात ठेवलेली गोष्टसुद्धा मरते. हार्ड डिस्क अचानक बंद पडते. फाइल उघडणारा प्रोग्राम जुना होतो. मोबाइल पाण्यात पडतो. म्हणून स्कॅन झाल्यावरही मूळ रीळ जपतात. आणि डिजिटल वस्तू सांभाळणारी माणसं तीन नियम पाळतात.

एक, प्रती तीन ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर हव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या गावी हवी. म्हणजे घरात पाणी शिरलं तरी सगळं जाणार नाही.

दोन, अधूनमधून तपासा. तुमच्या हजेरीपटावर आम्ही रोज बेरीज लिहितो ना? कुणी एक आकडा खोडला तर बेरीज जुळत नाही. तशीच संगणक प्रत्येक फाइलची एक खूण काढून ठेवतो. पुढच्या वर्षी खूण जुळली नाही, तर फाइल बिघडली हे लगेच कळतं.

तीन, नवं यंत्र आलं, की वेळेवर त्यात माहिती हलवा. जुनं यंत्र भंगारात जाण्याची वाट पाहू नका.

यासाठी शिकायचं काय?

कुणी विचारेल, या कामाला फक्त सिनेमावालेच लागतात का? मुळीच नाही. फिल्म का कुजते ते रसायनशास्त्र सांगतं. फाइल कशी टिकवायची ते संगणकशास्त्र. बारा हजार डब्यांतून हवा तो डबा पाच मिनिटांत सापडला पाहिजे, ते काम ग्रंथालयशास्त्राचं. मोडकं यंत्र चालू करायला आयटीआय झालेला कुशल हात लागतो. आणि एखाद्या जुन्या चित्रात कोण आहे, काय बोलतंय, हे ओळखायला इतिहास आणि भाषा लागते. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०१५ पासून मुंबई, पुणे, चेन्नई अशा ठिकाणी या कामाचं प्रशिक्षण भरवलं. म्हणजे दहावी-बारावीत कुठलाही विषय आवडत असला, तरी या दवाखान्यात डॉक्टर व्हायला जागा आहे.

आणि आपल्या राजुऱ्यात?

पुणे-मुंबई राहू द्या. आपल्या घरचं बोलू.

आपला राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या राज्यात होता. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण इथे स्वातंत्र्य पोचायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. १९५९ मध्ये तालुका चंद्रपूर जिल्ह्यात आला. निजामाच्या राज्यात जो दहा वर्षांचा पोरगा होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे. त्याने काय पाहिलं, शाळेत कोणती भाषा शिकली, रझाकारांच्या भीतीने कुणाचं घर कुठे लपलं, हे त्याच्या तोंडूनच ऐकायला हवं. ते पुस्तकात सापडणार नाही.

आपल्याकडे मराठी आहे, तेलुगू आहे, गोंडी आहे, कोलामी आहे. कोलामी बोलणारी माणसं मोजकी. तिच्यातली गाणी आणि गोष्टी छापलेल्या फारच थोड्या. आजी-आबाजी आहेत तोवर आहेत. झाडीपट्टीची नाटकं घ्या. दिवाळीनंतर रात्र-रात्र चालतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण तीस वर्षांपूर्वी कुणीतरी टेपरेकॉर्डरवर भरलेलं नाटक आज कुठे आहे? कुणाच्या तरी माळ्यावर, कॅसेटवर बुरशी चढून.

नायरांना गावोगाव फिरावं लागलं. तुम्हाला तेवढं फिरायचं नाही. या दिवाळीच्या सुट्टीत एवढं करा.

१. घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आधी विचारा, "आबाजी, तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का?" नाही म्हणाले, तर नुसतं ऐका.

२. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, मोबाइल जवळ ठेवा. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या.

३. मध्येमध्ये तोंड घालू नका. "मग काय झालं?" एवढंच विचारा.

४. फाइलला नाव द्या. 'रेकॉर्डिंग ०४७' असं ठेवलंत, तर पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाही. 'कोलामी गोष्ट, आजी, राजुरा' असं लिहा आणि पुढे वर्ष टाका.

५. मोबाइलवर एक, पेनड्राइव्हवर एक आणि मामाच्या गावच्या कॉम्प्युटरवर एक, अशा तीन प्रती करा.

६. कोण बोललं, कशाबद्दल बोललं, ते वहीत शाईने लिहून ठेवा. डूम्सडे बुक विसरू नका!

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं म्हणजे सांभाळलं, असं समजू नका. मोबाइल भरला, की आपण सगळ्यांत आधी तेच पुसतो.

'आलम आरा' बनवणाऱ्यांना वाटलं असेल का, की शंभर वर्षांच्या आतच आपला सिनेमा कुणाला पाहता येणार नाही? त्यांच्यासाठी तो रोजचाच उद्योग होता. आजीची गोष्टही आपल्याला रोजचीच वाटते. म्हणून दिवाळीची वाट तरी कशाला पाहायची? येत्या रविवारी दुपारी, जेवणं आटोपली आणि आजी अंगणात सुपारी कातरत बसली, की तिच्याजवळ जाऊन बसा.